खवले मांजराचा शेजार बदलला आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या मुलांच्या पुरवणीत गेल्या रविवारी सस्तन प्राण्यांचा वंशवृक्ष छापून आला. चित्र देखणे आहे, पानभर जागा दिलीत त्याबद्दल आभार. पण उजवीकडच्या एका फांदीवर आपले खवले मांजर, दक्षिण अमेरिकेतला मुंगीखाऊ आणि आफ्रिकेतला आर्डवार्क असे तिघे शेजारी बसवून खाली ‘दात नसलेल्यांचे कूळ’ असे लिहिले आहे. असे कूळ आता कोणी मानत नाही. शिवाय आर्डवार्कला चांगल्या दाढा असतात.

तक्रार करण्याआधी कबुली देतो. हेच कूळ मी कोकणातल्या शाळांत वर्षानुवर्षे शिकवले. नव्वदच्या दशकात आठवीतल्या एका मुलाने विचारले होते, “सर, मुंगीखाऊच्या घरातला आहे तर आपण त्याला मांजर का म्हणतो?” मी म्हणालो, “लोक म्हणतात. लोकांचं काय घेऊन बसलास?” वर्ग हसला, मुलगा खाली बसला. आज तो कुठे आहे ठाऊक नाही, पण हे पत्र निम्मे त्याच्यासाठी आहे.

२००१ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या गटांचे शोधनिबंध आले. दोघांनीही कितीतरी सस्तन प्राण्यांची जनुके शेजारी शेजारी मांडून ताडून पाहिली होती, आणि दोघांचाही वंशवृक्ष जवळजवळ सारखाच निघाला. त्यात खवले मांजर मुंगीखाऊपासून उठून थेट मांसाहारी गणाच्या, म्हणजे मांजर, कुत्रा, अस्वल, मुंगूस, सील यांच्या शेजारी जाऊन बसले. मुंगीखाऊ आपल्या दक्षिण अमेरिकी भाऊबंदांत, स्लॉथ आणि आर्माडिलोंच्या सोबत राहिला. आर्डवार्क गेला हत्तीकडे! हत्ती, समुद्री गाय, सशाएवढा हायरॅक्स, आर्डवार्क आणि चिचुंद्रीसारखे दिसणारे लांब नाकाचे आफ्रिकी प्राणी हे सगळे एका घरचे, असे जनुके सांगत होती. या घराला १९९८ मध्येच ‘आफ्रोथेरिया’ हे नाव मिळाले होते.

मग हे तिघे इतके सारखे का दिसतात? कारण धंदा एक आहे. वारूळ फोडायला नखे हवीत, आत घालायला लांब चिकट जीभ हवी, आणि मुंग्या-वाळवी चावून खाण्याची गरज नसल्यामुळे दात निरुपयोगी होत जातात. ऑस्ट्रेलियात तर अंडी घालणारा एकिडना आणि शिशुधान गटातला नम्बॅट याच धंद्यात आहेत. म्हणजे वारुळावर पोट भरणारी निदान पाच वेगवेगळी घराणी झाली. सगळे सुतार एकाच आडनावाचे नसतात, एवढे तर आपल्याला गावात राहून कळते. प्राण्यांच्या बाबतीत मात्र आपण हत्यारे बघून नाते जुळवत बसलो.

खरे नाते ओळखायची रीत मला पोथ्यांच्या उदाहरणावरून समजली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना विद्वानांनी हस्तलिखितांची वंशावळ लावली. दोन पोथ्यांत बरोबर मजकूर सारखा असला तर त्यातून फारसे सिद्ध होत नाही. पण दोन्हींत त्याच ठिकाणी तीच चूक किंवा तीच घुसडलेली ओळ असेल, तर दोन्ही एकाच पोथीवरून उतरवल्या असण्याचा संभव मोठा. डीएनएतही असे घुसखोर तुकडे असतात. ते स्वतःची नक्कल करून भलत्याच जागी जाऊन चिकटतात आणि एकदा चिकटले की सहसा निघत नाहीत. १९९९ मध्ये जपानच्या नोरिहिरो ओकादा यांच्या गटाने देवमासा आणि पाणघोडा यांच्यात नेमक्या त्याच जागी चिकटलेले असे तुकडे दाखवले. गाय, डुक्कर, उंट यांच्यात त्या जागा रिकाम्या होत्या. ‘मासा’ म्हणून आपण ज्याला नाव दिले, त्याचा सर्वात जवळचा जिवंत नातेवाईक आफ्रिकेतल्या डबक्यात डुंबत असतो.

जीवाश्मवाल्यांना हे सहज पटले नाही, आणि त्यांचे चुकले असेही मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे दातांचा पुरावा होता. जुन्या देवमाशांचे दात एका नामशेष मांसभक्षक खूरवाल्या प्राण्याशी जुळत होते. मग २००१ मध्येच पाकिस्तानात आद्य देवमाशांची घोट्याची हाडे हाती आली. दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असलेली ही हाडे बोकडाचे पाय साफ करणाऱ्या कोणालाही ओळखता आली असती. अशी हाडे बोकड, गाय, पाणघोडा यांच्याच घराण्यात असतात, म्हणून त्यांनी जनुकांच्या बाजूने साक्ष दिली.

यात एक धागा आपल्या देशातलाही आहे. ए. रंगा राव या भूवैज्ञानिकांनी जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट इथून जीवाश्म असलेले दगड गोळा केले होते आणि त्यांतल्या एका लहान खूरवाल्या प्राण्याला १९७१ मध्ये ‘इंडोह्यूस’ हे नाव दिले होते. बरेचसे दगड न फोडताच पडून राहिले. त्यांच्या निधनानंतर पत्नीने ते हान्स थेविसेन या संशोधकाच्या हवाली केले. साफसफाई करताना तंत्रज्ञाच्या हातून एक कवटी चुकून तुटली आणि कानाच्या हाडाची आतली भिंत उघडी पडली. ती देवमाशाच्या कानात असते तशी जाडजूड होती. जेमतेम मांजराएवढा, सडपातळ पायांचा हा प्राणी सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि देवमाशांचा अगदी जवळचा नातलग. निबंध २००७ मध्ये आला. रंगा रावांना आपल्या घरात काय पडले आहे ते कधी कळले नाही.

आपल्या चित्रात आणखी एक गोष्ट खटकली. चिचुंद्री उंदराच्या फांदीवर आहे. घरात दोघींनाही एकाच झाडूने हाकलतात हे खरे, पण उंदीर, ससा, माकड आणि आपण एका मोठ्या फांदीवर आहोत, तर चिचुंद्री दुसऱ्या फांदीवर वटवाघूळ, घोडा, देवमासा आणि खवले मांजर यांच्यासोबत आहे. उंदीर चिचुंद्रीपेक्षा तुम्हाआम्हाला जवळचा. हे वाक्य मी घरी म्हणून पाहिले. ऐकून घेणारे कोणी खूश झाले नाही.

आता एक खबरदारी. ‘बघा, आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ असा संदेश या पत्रावरून कोणी फिरवू नये. खवले मांजर हे नाव आकारमानावरून पडले असावे, आणि त्याचे नाते मांजराशी जितके आहे तितकेच कुत्र्याशीही आहे. ‘खवले कुत्रा’ म्हटले असते तरी तेवढेच बरोबर ठरले असते. लोकांचा नेम योगायोगाने लागला. त्या मुलाने मात्र योग्य प्रश्न विचारला होता आणि मी तो उडवून लावला, हा भाग योगायोगाचा नव्हता.

वंशवृक्ष अजून पुरा झालेला नाही. आफ्रोथेरिया आणि दक्षिण अमेरिकी घराणे यांपैकी बुंध्यापासून आधी कोण फुटले यावर वाद चालू आहे, आणि वटवाघळाची नेमकी जागाही पक्की नाही. चित्रकाराने तिथे तुटक रेषा काढल्या असत्या तर चित्र बिघडले नसते, उलट मुलांना कळले असते की इथे अजून काम बाकी आहे.

माझी विनंती एवढीच, की दुरुस्ती पुरवणीतच, तेवढ्याच ठळकपणे छापावी. आतल्या पानावर दोन ओळींची दिलगिरी मुले वाचत नाहीत. आमच्या जवळच्या शाळेत आपले चित्र कापून भिंतीवर चिकटवले आहे. बाईंच्या परवानगीने मी पेन्सिलीने खवले मांजरापासून वाघापर्यंत एक बाण काढून आलो. दुसऱ्या दिवशी कोणीतरी तो खोडरबराने पुसून टाकला होता.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, चिपळूण