मात्रेचा आकडा बातमीत हवाच

महोदय,

अमुक रसायनाने उंदरांना कर्करोग झाला, एवढेच अनेकदा छापून येते. ते किती आणि किती वेळा लावले, हे मात्र सुटते, याची खंत वाटते.

बेरेनब्लम आणि शुबिक यांनी १९४७ साली ऑक्सफर्डमधून प्रसिद्ध केलेले प्रयोग याबाबत आजही बोलके आहेत. उंदराच्या पाठीवर डीएमबीए हे रसायन अल्प मात्रेत एकदाच लावले, तर गाठी सहसा येत नाहीत. पण त्याच जागी पुढे आठवड्यामागून आठवडे क्रोटन तेल, म्हणजे आपल्या परिचयाच्या जमालगोट्याच्या बियांचे तेल, लावत गेले की चामखिळीसारख्या गाठी उगवतात. डीएमबीएची मात्रा वाढवली तशी गाठींची संख्या वाढली. नंतरच्या संशोधकांना असेही दिसले की, तेल पुष्कळ दिवसांच्या अंतराने लावल्यास गाठी फारशा येत नाहीत. अर्थात, पहिले रसायन निर्धोक ठरत नाही, कारण त्याने पेशींत केलेला बदल कित्येक महिने टिकून राहतो.

अशा बातम्यांत मात्रा, वारंवारता आणि कालावधी आवर्जून छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक विज्ञान शिक्षिका, सांगली