बाबांच्या पाठीवरची गाठ

स्विंडन, इंग्लंड

ती. आई व ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

मी ठीक आहे. वेळेवर जेवतो, स्वेटर घालतो. आई, व्हिडिओवर माझी गालफडं दिसतात ती खोलीतल्या दिव्यामुळे. वजन होतं तेवढंच आहे.

बाबांच्या पाठीचा फोटो बायने पाठवला. तुम्ही दोघं आठ दिवस मला फक्त डिचोलीचा पाऊस सांगत होता. रागावलो नाही, पण ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून अशा गाठी रोज पाहणाऱ्या मुलापासून गाठ लपवायची म्हणजे कमाल आहे.

गाठीच्या मधोमध काळा टिपका दिसतो, ती चांगली खूण. केसाच्या मुळाचं तोंड बुजतं, वरच्या कातडीचा थर आत वळून त्याची पिशवी होते आणि पिशवीत मेलेली कातडी साठत जाते. दाबल्यावर पनीरच्या चुऱ्यासारखं, घाण वासाचं निघतं ते हेच. सगळे तिला चरबीची गाठ म्हणतात, पण चरबीचा तिच्याशी संबंध नाही. खरी चरबीची गाठ मऊ असते, बोटाखाली सटकते, तिला टिपका नसतो. आत्याच्या डोक्यावरच्या गाठी तिसऱ्याच जातीच्या. त्या घराण्यात उतरतात, आजोबांनाही होत्या. फणी अडकत नसेल तर तिने त्या खुशाल तशाच ठेवाव्यात. यातल्या कुठल्याही गाठीत कॅन्सर निघणं फारच दुर्मीळ, त्यामुळे आई, नवस बोलू नकोस.

पण बाबा, तुम्ही ती दाबलीत. नाही म्हणू नका, फोटोत नखाचा वण आहे. बाहेर आलं ते थोडं. आत पिशवी फुटून बाकीचं कातडीखाली सांडलं. कुसळ रुतल्यावर अंग जसं सुजतं तसंच याने सुजतं: लाल, गरम, ठणकणारं. पुष्कळदा त्यात जंतू नसतातच, म्हणून कपाटातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन काही होत नाही. स्वच्छ फडकं सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून 10 ते 15 मिनिटं धरायचं, दिवसातून तीन-चार वेळा. तेवढंच. सुई नको, चुना-गूळ नको, आणि बिब्बा तर अजिबात नको. त्याच्या तेलाने कातडी भाजते, मग गाठ राहते बाजूला आणि जखमच निस्तरत बसावं लागतं.

एरवी शांत गाठीला डॉक्टर लागत नाही. पण तुम्हाला साखर आहे, म्हणून याच आठवड्यात डिचोलीच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. लाली पसरली, ताप किंवा हुडहुडी आली तर त्याच दिवशी. पू झाला असेल तर ते चीर देऊन काढतील. बरं वाटेल, पण पिशवी आतच राहते आणि पुन्हा भरू शकते, तेव्हा डॉक्टरला नावं ठेवू नका. अख्खी पिशवी काढायची ती सूज उतरल्यावर चार-सहा आठवड्यांनी. सुजेत ती कागदासारखी फाटते, तुकडा राहिला की गाठ परत येते. त्यासाठी म्हापशाला आझिलो हॉस्पिटलात किंवा बांबोळीला मेडिकल कॉलेजात जा. बधिर करायचं इंजेक्शन, टिपक्यासकट डोळ्याच्या आकाराचा छेद, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. काढलेली गाठ तपासणीला पाठवायला सांगा. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. पाठीचे टाके 10 ते 14 दिवसांनी निघतात.

वाड्यावर कुणी विचारलंच तर: महिन्याभरात भराभर वाढणारी, दगडासारखी घट्ट आणि न हलणारी, 5 सेंटिमीटरहून मोठी किंवा रक्त येणारी गाठ लगेच दाखवायची. स्तनातली, मानेतली, काखेतली गाठ 'असेल अशीच' म्हणून सोडायची नाही. तान्ह्या मुलाच्या भुवईच्या टोकाला किंवा नाकाच्या मुळाशी जन्मापासून गाठ असेल तर तीही. ती खोलवर गेलेली असू शकते.

इथली गंमत सांगतो, म्हणजे तिथल्या रांगेची तक्रार करणार नाही. डॉक्टर हवा असेल तर अजूनही बऱ्याच ठिकाणी सकाळी बरोबर आठला फोन लावायचा. एक मिनिट आधी लावला तर दवाखाना बंद. आठला लावला तर यंत्र सांगतं, तुमच्या पुढे चौदाजण आहेत. मग वाद्य वाजत राहतं. शेवटी डॉक्टर नव्हे, नावं नोंदवणारी बाई विचारते, काय होतंय? तिला सगळं सांगायचं, लाज वाटली तरी. ती म्हणते, फोटो पाठवा. आणि एवढं करून गाठ निरुपद्रवी निघाली तर सरकारी खर्चाने बहुधा काढतच नाहीत. नुसती दिसायला वाईट हे कारण चालत नाही. खासगीत पैसे मोजायचे. कुणी आवाज चढवत नाही, सगळे 'थँक यू' म्हणून फोन ठेवतात. मला अजून जमलेलं नाही.

कौलांसाठी 60 हजार पाठवलेत, मंगळवारपर्यंत जमा होतील. बायच्या लग्नाचे वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावलेला नाही. फोंड्याच्या माणसांनी मार्गशीर्षातली तारीख दिली तर रजा मागतो. दहा दिवस मिळतील, जास्तीचं आता कबूल करत नाही. माझ्या स्वतःच्या लग्नाचं तेव्हाच बोलू, फोनवर नको.

गाठ गणेशचवथ झाल्यावरच काढा. आधी काढली तर ऐन चवथीत टाके असतील आणि गणपतीच्या वरची फळापानांची माटोळी बांधायला हात वर केला की पाठीचा टाका ताणतो. तसंही यंदा बाबांनी वर चढू नये. शेजारच्या पोरांना सांगा, मी त्यांना फोन करतो. नारळ आणि सुपारीचा घड कुठे बांधायचा ते त्यांना ठाऊक नसेल, मागच्या वेळचा फोटो माझ्याकडे आहे, पाठवतो.

तुमचा,
बाबू