बाबा, एफडी मोडू नका

प्रिय आई-बाबा,

दादाचा मेसेज आला की आमच्या ओजसला रात्री सांभाळायला माणूस ठेवायचा तर पैसे लागतील म्हणून बाबा बँकेत जाऊन एफडी मोडायची चौकशी करून आले आणि तळेगावच्या प्लॉटला गिऱ्हाईक बघायलाही सांगून ठेवलंय. म्हणून हे लिहितेय, फोनवर आई रडायला लागते मग मी पण रडते आणि कामाचं बोलायचं राहूनच जातं. तर कामाचं आधी सांगते. ओजससाठी आम्ही इथे जी सरकारी मदत मागितली होती ती मंजूर झाली. आठवड्यातल्या चार रात्री ट्रेनिंग घेतलेली केअरर, म्हणजे आजारी माणसाची काळजी घेणारी बाई, घरी येणार, रात्री 10 ते सकाळी 7, पूर्ण वेळ जागी राहून त्याच्याकडे बघणार आणि त्याचा एक पाउंडही आपल्याला भरायचा नाही.

बाबा, तुमचं म्हणणं मला माहितीये, दोघांपैकी एकाचा चांगला पगार असताना सरकार कशाला देईल, उद्या वसूल करायला येतील. नाही येणार. इथे एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, 1948 पासून आहे, टॅक्सच्या पैशावर चालते, त्यामुळे डॉक्टर, ऑपरेशन, हॉस्पिटल यांचं बिल येत नाही हे तुम्हाला माहितीच आहे. पण घरी रात्रभर माणूस मिळणं ही वेगळी गोष्ट, तिच्यासाठी इंग्लंडमध्ये मुलांची कंटिन्यूइंग केअर म्हणून वेगळी सोय आहे, अठराव्या वाढदिवसापर्यंत, ज्या मुलांचं नेहमीच्या सेवांमध्ये भागत नाही त्यांच्यासाठी. त्याची 2016 ची सरकारी नियमावली आहे, ती मी आणि तुमच्या जावयाने, अमेयने, रात्री जागताना अक्षरशः पाठ केलीय. त्यात आईवडिलांचा पगार बघत नाहीत. आणि मला सगळ्यात जास्त धीर आला तो या गोष्टीने की आजाराचं नावही लागत नाही. ओजसच्या एवढ्या जेनेटिक टेस्ट झाल्या तरी त्याला नक्की काय आहे ते कुणी सांगू शकलेलं नाही, आणि मला भीती होती की नाव नाही म्हणून फाइल मागे पडेल. पण इथे बघतात ते मुलाला काय लागतं, किती लागतं आणि कधी लागतं.

ते बघायची पद्धत अशी की एक नर्स असेसर म्हणून नेमतात, ती घरी येते, आपल्याला काय हवंय ते विचारते, सगळ्या डॉक्टरांचे, थेरपिस्टचे, शाळेचे रिपोर्ट गोळा करते आणि मग दहा विभागांत गरज किती ते ठरवते. श्वास, खाणंपिणं, हालचाल, शी-शू, त्वचा, बोलणं-समजणं, औषधं, मन, फिट आणि वागणूक. प्रत्येकात पायऱ्या असतात, साधारण तीन ठिकाणी ‘हाय’ किंवा एका ठिकाणी ‘सिव्हिअर’ आलं तर मूल या सोयीत बसण्याची शक्यता बरीच असते, पण नुसती बेरीज करून निकाल लावत नाहीत, पूर्ण मूल बघायचं असं नियमातच आहे.

ती नर्स पहिल्यांदा आली तेव्हा ओजस मस्त होता. आंघोळ झालेली, केस विंचरलेले, पंपावर नळीने पोटात जाणारं फीड चालू आणि गालात हसतोय. मला वाटलं आता ही काय लिहिणार. तिने विचारलं, रात्री कसा असतो? मी वही दिली. आई, तू मागच्या वेळी रांगोळीसाठी आणलेली ती लाल वही, तीच आम्ही रात्रीची डायरी केलीय. त्यात असं लिहिलेलं होतं – 1:40 ऑक्सिजन 86, सक्शन केलं (मशीनने घशातला कफ ओढून काढला), कूस बदलली. 2:25 पंपाचा अलार्म, नळीला पीळ पडलेला. 3:10 फिट, चार मिनिटं, आपोआप थांबली. 3:50 उलटी, चादर बदलली, फीड बंद. 5:15 परत सक्शन. फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली तर गालाच्या आत मिडॅझोलम हे फिट थांबवायचं औषध द्यायचं असतं, त्यामुळे ती चार मिनिटं एका हातात औषधाची सिरिंज आणि डोळे घड्याळावर. ती नर्स पानं उलटत राहिली, मग म्हणाली, तुम्ही हे सगळं नीट सांभाळताय म्हणून त्याची गरज कमी होत नाही, ती गरज तेवढीच आहे, फक्त ती तुम्ही दोघं भागवताय. मला हे कुणीतरी म्हणायला हवं होतं गं. आतापर्यंत ‘किती छान ठेवलंय त्याला’ एवढंच ऐकत आलो होतो, आणि छान ठेवलंय म्हणूनच मदत लागत नसेल असा सगळ्यांचा समज.

नंतरचं मात्र सोपं नव्हतं. नर्सने शिफारस केली तरी निर्णय एक पॅनेल घेतं, आरोग्यवाले आणि काउन्सिलचे, म्हणजे इथल्या पालिकेचे, लोक मिळून, आणि आम्ही काही त्या खोलीत नसतो, आपलं मूल कागदावर जेवढं उतरलंय तेवढंच त्यांना दिसतं. सुरुवातीपासून निर्णयापर्यंत सहा आठवडे अशी अपेक्षा आहे, आमचे त्याहून कितीतरी जास्त गेले, एक रिपोर्ट कुणाच्यातरी इनबॉक्समध्ये पडून राहिला आणि अमेय रोज फोन करत राहिला. त्याला इंग्लिश येतं, ऑफिसातून फोन करायची सवलत आहे, चिकाटी आहे. ज्या आईला यातलं काहीच नाही तिच्या मुलाचं काय होत असेल हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही, कारण त्या मुलाची फिटही चार मिनिटांचीच असते ना. शिवाय एका भागात जेवढ्या रात्री मिळतात तेवढ्या दुसऱ्या भागात मिळतीलच असं नाही, हे मला अजिबात पटत नाही.

व्हिसाचं दादाने विचारलं होतं. आमच्या व्हिसावर सरकारी भत्ते घ्यायला बंदी आहे, म्हणजे अपंग मुलांसाठीचा जो डीएलए भत्ता मिळतो तो, किंवा मी नोकरी सोडली म्हणून केअररचा भत्ता, हे दोन्ही कायमच्या रहिवासाचा शिक्का मिळेपर्यंत आम्हाला नाही. पण एनएचएसची सेवा त्या बंदीत येत नाही, आणि तिच्यासाठी आपण व्हिसाबरोबर सरचार्ज भरलेला आहे, मोठ्यांचा वर्षाला 1035 पाउंड आणि मुलांचा 776. त्यामुळे ही केअर घेतल्याने व्हिसाला काही धोका नाही, आम्ही वकिलालाही विचारून घेतलं. आणि बाबा, हे फुकटचं खाणं नाहीये हो. अमेयचा टॅक्स दर महिन्याला कापला जातो, आणि नसता कापला तरी पोराने श्वास घ्यावा यासाठी कुणापुढे लाजायचं कारण नाही, काकांना आणि सोसायटीत जे कुणी विचारतील त्यांना हेच सांगा.

शाळेचं वेगळं चालू आहे, त्याचा शिक्षणाचा प्लॅन काउन्सिल करतंय, त्यावर नंतर लिहीन.

आता आईसाठी. तुला यायचंय ना, मग पासपोर्ट रिन्यू करायला टाक, बाबांचाही बघ. व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. आल्यावर नर्स तुला सक्शन आणि ट्यूबचं फीड शिकवेल, मी विचारून ठेवलंय. येताना त्याच्यासाठी जुन्या साड्यांच्या मऊ दुपट्यांशिवाय काही आणू नकोस, त्याच्या त्वचेला इथली चादर टोचते आणि मानेखाली लाल होतं.

तीन महिन्यांनी याचा रिव्ह्यू असतो, मग दर वर्षी, त्यात रात्री वाढू शकतात तशा कमीही होऊ शकतात, म्हणून केअरर आली तरी वही आम्ही बंद करणार नाही, तिलाही लिहायला सांगितलंय. पहिली रात्र येत्या सोमवारी आहे. मंगळवारी सकाळी मी लवकर फोन उचलला नाही तर काळजी करू नका, झोपलेली असेन.

तुमची,
मृणाल