गर्दीतली सायकल: दिन्यास पत्र

पंचवटी, नाशिक
५ डिसेंबर

प्रिय दिन्या,

परवा तू फोनवर म्हणालास, "एवढीच हौस आहे तर धरणाकडे जा की. सोमेश्वरच्या पुढे मोकळा रस्ता आहे, हवा चांगली आहे. रविवार कारंजाच्या गर्दीत सायकल घालून तुला मिळतं काय?" तेवढ्यात तुझा दुसरा फोन आला आणि उत्तर राहून गेलं. व्हॉट्सॲपवर लिहायला बसलो तर लांबतच चाललं, म्हणून सरळ कागद घेतला. अक्षर लागलं नाही तर वहिनींना दे. शाळेत त्यांनी याहून वाईट वाचली असतील.

धरणाच्या रस्त्याला माझं नाव ठेवणं नाही. एखाद्या रविवारी जातोही, आणि थंडीत तर जावंच. पण तिकडे जायचं म्हणजे बेत आला. आदल्या रात्री मेसेज, कोण येतंय, कुठे भेटायचं, किती वाजता. निम्मे जण तर सायकल गाडीच्या मागे बांधून आणतात, म्हणजे सायकललाच फिरवून आणायचं! माझं सुख रोजचं आहे, त्याला बेत लागत नाही. हिरावाडीतून गल्लीच्या बाहेर पडलो की सुरू.

सातपूरला कंपनीत सायकलनं जायला लागल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की आपलं गाव सपाट नाही. स्कूटरवर इतकी वर्षं त्याच रस्त्यानं गेलो, पण तिथे ॲक्सिलरेटर जरा जास्त पिळला जातो, एवढाच काय तो फरक. सायकलवर सगळा हिशोब पायांना द्यावा लागतो. पंचवटी कारंजा, मालेगाव स्टँड, मग होळकर पूल. पुलावर खालून गार झुळूक येते, डावीकडे रामकुंड दिसतं, तिथे क्षणभर मजेत असतो. पूल संपला की रविवार कारंजापर्यंत चढ. चढ म्हणून काही फार नाही, पण मागे रिक्षा, पुढे सिटीलिंकची बस, शेजारून फ्लॉवर भरलेली हातगाडी आणि मधे कोणीतरी गाडी थांबवून फोनवर. पूल उतरतानाच गिअर हलका करून ठेवला तर निभावतं, नाहीतर ऐन चढात पाय टेकावे लागतात आणि मग मागचे सगळे मिळून तुझं कौतुक करतात. पाय न टेकता कारंजा गाठला की जो आनंद होतो ना, तो सांगायलासुद्धा लाज वाटते, इतका क्षुल्लक आहे. पण होतो. रोज होतो.

पुढे अशोक स्तंभ, मेहेर, सीबीएस, त्र्यंबक नाका. तो १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड आठवतोय ना? त्यात सायकलसाठी वेगळी वाट धरली होती. त्या वाटेवर सगळं सापडतं: लावलेल्या दुचाक्या, वडापावची गाडी, गप्पा मारणारी कॉलेजची पोरं. सायकल तेवढी दिसत नाही. मी आता चिडत नाही, मोठ्या रस्त्यानंच जातो. बसवाले उगाच बदनाम आहेत, बरं का. त्यांना आपण दिसतो. धोका असतो तो बाजूच्या मोटारीचं दार धाडकन उघडणाऱ्या सज्जन माणसाचा. म्हणून उभ्या गाड्यांपासून हातभर लांब राहायचं, मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी.

त्र्यंबक नाक्यावरून रस्ता दिसायला सरळसोट, पण सातपूरपर्यंत तो गुपचूप चढतच जातो. कारण आपण शाळेत घोकलेलंच आहे. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि पूर्वेला वाहत जाते, १४६५ किलोमीटर. म्हणजे पश्चिमेची बाजू उंच. मी रोज सकाळी नदीच्या उलट दिशेनं कामाला जातो! पावसाळ्यात पश्चिमेचा वारा तोंडावर असतो, रेनकोटाचं शीड होतं, आणि एबीबी सर्कल काही केल्या जवळ येत नाही. पण संध्याकाळी? तोच उतार आणि तोच वारा, आता पाठीशी. दिवसभर साहेबाचं ऐकून डोकं उठलेलं असतं आणि सायकल आपली आपण पळत असते. शरणपूरच्या सिग्नलपर्यंत तर मी गुणगुणायला लागलेला असतो. हिवाळ्यात वारा बऱ्याचदा फिरतो आणि हे बक्षीस कापलं जातं. तरी उतार कुठे जात नाही.

आणि एक सांगतो. आमच्या ग्रुपवर 'नाशिक म्हणजे सायकलवाल्यांचं शहर' असं कोणीतरी रोज लिहितं. अभिमान असायला हरकत नाही. महाजन बंधूंनी, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र यांनी, २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जवळजवळ ४८०० किलोमीटर, दोघांनी आळीपाळीने, नऊ दिवसांच्या आत. पंढरपूरला सायकलवारी जाते तीही आपल्याकडूनच. पण सकाळी सातच्या पाळीला सातपूर नाहीतर अंबडच्या रस्त्याला उभा राहून बघ. काळी उंच सायकल, हँडलला डब्याची पिशवी, पँटच्या पायाला रबर, डोक्याला मफलर. ही माणसं कोणत्या ग्रुपवर नसतात, आज किती किलोमीटर झाले ते कोणाला कळवत नाहीत, आणि पेट्रोल परवडत नाही हेच त्यांचं कारण असतं. त्यामुळे 'सायकलचा आनंद' असं त्यांच्यासमोर म्हणायला जीभ रेटत नाही. तरी परतीच्या उतारावर त्यातले दोघं शेजारी शेजारी, पायडल न मारता, हसत गप्पा हाणत जाताना पाहिलेत मी. तो उतार त्यांनाही ठाऊक आहे.

पंक्चरवाल्याकडची गोष्ट सांगायची राहिली. गेल्या महिन्यात मागचं चाक बसलं. टायरमध्ये बाभळीचा काटा, नखाएवढासुद्धा नाही. दुकान म्हणजे निंबाखाली एक पेटी, पंप आणि पाण्याची घमेली. म्हातारबाबांनी पान्याच्या दांड्यानं टायर उचकटला, ट्यूब ओढून काढली, हवा भरली आणि घमेल्यात बुडवून हळूहळू फिरवत राहिले. एका ठिकाणी बारीक बुडबुड्यांची माळ लागली. तिथे बोट दाबून ठेवलं, दुसऱ्या हातानं पुसलं, पॉलिश पेपरनं खरडलं, सोल्युशन लावलं. आणि मग काही न करता बसून राहिले. मी घाईत होतो, म्हटलं लावा की. ते म्हणाले, "वाळू द्या. ओल्यावर लावलं की उद्या परत याल." वाळेपर्यंत त्यांनी माझं सीट पाहिलं, न विचारता नट सैल केला आणि तीन बोटं वर घेतलं. "पायडल खाली गेलं की गुडघा नुसता जरासा वाकलेला पाहिजे. एवढा दुमडला तर गुडघा बोलतो मग." गुडघेदुखी म्हणून मी एका डॉक्टरांकडे जाणारच होतो. तो खर्च वाचला.

आता पळण्याचं. सायकल कामाची, पळणं बिनकामाचं. सुट्टीच्या दिवशी आणि मधेच कधीतरी, पहाटे उजाडायच्या आत निघतो आणि गंगेवर जातो. पुण्यात राहून तू 'गोदावरी' म्हणायला लागलायस, ते ऐकून तुझी आजी काय म्हणाली असती! गणेशवाडीतून खाली उतरलं की हवा एकदम बदलते. शेवंती, ओला दगड, धूप आणि थोडी गटार, सगळं एका श्वासात. रामकुंडावर त्या वेळेलाही माणसं असतात. कोणी अस्थी घेऊन आलेले, डोकं नुकतंच भादरलेलं, थंडीनं कुडकुडत उभे. कोणी राजस्थानातून बस भरून आलेले, ओल्या साड्या वाळवत. त्यांच्यातून पळणारा माणूस म्हणजे वेडाच, पण कोणी ढुंकून बघत नाही. घाटावर आपापल्या कामात सगळे. बुधवारी तर भाजीच्या टोपल्या उतरायला लागलेल्या असतात, तेव्हा पळणं सोडून चालतच जायचं.

दुतोंड्या मारुतीपाशी मी नेहमी जरा थांबतो. या दिवसांत तो पायापर्यंत कोरडा, शेंदूर लख्ख. पावसाळ्यात मात्र सगळं गाव त्याच्याकडे मापपट्टी म्हणून बघतं: गुडघ्याला पाणी, कमरेला, छातीला. धरणातून किती क्युसेक सोडलं हे पेपरात येतं, पण आपल्याला मारुती कुठवर बुडाला ते सांगितल्याशिवाय पूर समजत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो पुरता दिसेनासा झाला होता. तेव्हा सराफ बाजारात पाणी शिरलं, भांडी बाजारात शिरलं, हे बातम्यांत ऐकलं होतं. घाटावरून सराफ बाजारात पळत चढायला लागल्यावर ते पायांना कळलं. कुठल्या दुकानापर्यंत चढ नावालाच आहे आणि कुठून खरा चढ लागतो, हे पोटऱ्या सांगतात, आणि पाणीही बरोबर तेवढंच चढतं.

मग तिवंधा चौक. दिन्या, तिथे रस्त्याखाली रहाड, म्हणजे रंगाचा जुना हौद, आहे हे तुला माहीत आहे, रंगपंचमीला आपण दोघंही त्यात उड्या मारून चार दिवस पिवळे फिरलोय. पण एरवी कधी त्यावरून पळालायस? वरून काहीच दिसत नाही. फळ्या, माती, वर रस्ता, त्यावर दुधाची गाडी उभी. शनी चौकात तेच, दिल्ली दरवाज्याला तेच. वर्षभर लोक त्यावरून ये-जा करतात आणि खाली पेशव्यांच्या काळचा हौद गप्प बसलेला. मी त्यावर पाय जरा जोरात आपटतो. पोकळ आवाज काही येत नाही, पण आपटतो.

वेग विचारू नकोस. बोलता येईल इतपतच पळायचं, धाप लागून वाक्य तुटलं की कमी करायचं, हा एकच नियम पाळतो. भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्याकडे तयार झालेली आपली कविता राऊत, सावरपाड्याची, २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरला कांस्य घेऊन आली. धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत असं पदक घेणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच गावात मी पळतो म्हणून तिच्या आणि माझ्या पळण्याचा काही संबंध आहे असं नाही. मला परवा लाकडाची मोळी घेतलेल्या एका बाईनं मागे टाकलं.

वजनाचंही विचारशील. पळताना वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी जाते. माझे ७८ किलो, पाच किलोमीटरला ३९० धर. परतीच्या वाटेवर एक मिसळ, दोन पाव, वरून रस्सा मागून घेतला, पापड आलाच, की खातं पुन्हा होतं तिथे. आपल्या गावात पळून बारीक होणं अवघड आहे. त्यासाठी मिसळ नसलेल्या गावी जावं लागेल, आणि तशा गावी पळायचं तरी कशाला!

त्रास नाहीत असं नाही. २०२७ च्या सिंहस्थाची कामं सुरू आहेत, जिथे तिथे खोदलेलं आणि धूळ उडतेय. अशा दिवशी मी तोंडाला रुमाल बांधतो किंवा सरळ गल्लीबोळ धरतो. कुत्र्यांसमोर पळणं थांबवून चालायला लागलं की त्यांचा रस संपतो. एप्रिल-मे मध्ये उन्हानं जीव जातो, तेव्हा साडेपाचच्या आत सगळं आटपायचं. सौ. म्हणते, या वयात हे काय. पण अलीकडे येताना कोथिंबीर आणायला सांगते, म्हणजे मान्यता मिळाली असं समजतोय.

तुझं ते ट्रेडमिल वाईट आहे असं म्हणत नाही. त्यावर चढ बटणानं वाढतो म्हणे. पण मला सांग, कोणत्या बटणावर समोरून हातगाडी येते, ओळखीचा चहावाला "काय साहेब, आज उशीर?" म्हणतो, आणि रिक्षातलं पोरगं पाठमोरं बसून तू दिसेनासा होईपर्यंत हात हलवतं? त्या पोराला हात हलवून उत्तर द्यायचं असतं म्हणून मी चढावर एक हात सोडायला शिकलो.

तर नाताळच्या सुट्टीत ये. शुक्रवारी रात्री आलास तर शनिवारी पहाटे गंगेवर पळू, रविवारी सायकल. शेजारच्या जोशीकाकांची सायकल वापराविना उभी आहे, मागून ठेवतो. तुझ्या उंचीला सीट वर घ्यावं लागेल, पण त्यासाठी म्हातारबाबा आहेतच. धरणाकडेही नेईन, तुझा हट्ट आहे म्हणून. पण आधी रविवार कारंजाचा चढ. पाय टेकलास तर मिसळीचे पैसे तुझे.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, चिंटूला आशीर्वाद.

तुझा,
सुन्या

ता. क. कुलूप आणू नकोस, माझ्याकडे जास्तीचं आहे. मागे लावायचा लाल दिवा मात्र घेऊन ये, आमच्या इथल्या दुकानात मिळतो तो पावसात बंद पडतो. आणि नवीन बूट आणणार असशील तर आधी आठ दिवस तिकडेच घालून फिर.