रीडमी चढवण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी आपल्या प्रकल्पांची माहिती आता मराठीतूनही लिहू लागले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे; परंतु ती माहिती देणारी रीडमी फाइल गिटहबवर, म्हणजे प्रकल्प इंटरनेटवर ठेवण्याच्या संकेतस्थळावर, चढवण्यापूर्वी तिचे अंतिम रूप स्वतःच्या संगणकावर पाहून घ्यावे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

या फायली मार्कडाउन पद्धतीने, म्हणजे साध्या मजकुरातच चिन्हे घालून मांडणी दाखवत, लिहितात. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली ती आणली, तेव्हा मजकूर कच्च्या रूपातही सहज वाचता यावा हा हेतू होता, आणि फसगत होते ती त्यामुळेच, कारण कच्चा मजकूर इतका नीटनेटका दिसतो की प्रत्यक्ष पानावरही तो तसाच उमटेल असे आपण धरून चालतो. मी स्वतः इन्स्टॉलेशनच्या सात पायऱ्या १., २., ३. अशा देवनागरी अंकांनी एकाखाली एक लिहिल्या होत्या. मार्कडाउन क्रमवार यादी ओळखते ती केवळ इंग्रजी अंकांवरून; परिणामी सातही पायऱ्या एकाच परिच्छेदात सलग जाऊन बसल्या आणि मला ते कळले एका विद्यार्थ्याने ‘तिसरी पायरी नेमकी कुठे संपते?’ असे विचारल्यावर. आपल्या प्रत्ययांचीही अशीच अडचण होते. शब्द तिरपा करण्यासाठी दोन्ही बाजूंना अंडरस्कोअर (_) देऊन त्याला लागूनच ‘ला’ किंवा ‘ने’ लिहिले, तर तो शब्द तिरपा होत नाही आणि अंडरस्कोअर मात्र जसेच्या तसे छापले जातात. तिथे तारांकन (*) वापरावे लागते.

या दोन्ही चुका व्हीएस कोड या प्रोग्राम लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही या कळा एकत्र दाबून पूर्वदृश्य उघडताच, इंटरनेटशिवायही, डोळ्यांसमोर येतात. गिटहबवर दिसेल तसेच रूप हवे असल्यास ग्रिप हे छोटे साधन आहे. ते मजकूर गिटहबकडेच पाठवून पान तयार करून घेते, म्हणून गोपनीय कागदपत्रांसाठी ते वापरू नये; शिवाय लॉग-इन न करता तासाला ६० विनंत्यांचीच मर्यादा आहे. चित्राच्या फाइलच्या नावातील लहान-मोठ्या अक्षरांची चूक मात्र विंडोजवर लक्षात येत नाही, कारण विंडोज दोन्ही अक्षरे एकच मानते आणि गिटहब मानत नाही; ती वेगळी तपासावी.

प्रकल्पाचे गुण देताना प्राध्यापकांनी विद्यार्थ्याला हे पूर्वदृश्य आपल्यासमोर उघडून दाखवायला सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, नाशिक