नव्वदच्या बंदीआधी किराणा दुकाने तपासा

महोदय,

दारूच्या ९० मिलीच्या बाटल्या व टेट्रा पाकिटांची विक्री बंद करावी, अशी मागणी आमच्या सीमाभागात होत आहे आणि उसाच्या बांधावर पडलेली रिकामी पाकिटे पाहता ती अनाठायी वाटत नाही. कर्नाटकात २००७ मध्ये अरक या स्वस्त देशी दारूवर बंदी आली, तेव्हा मजूर व्यसनातून सुटला नाही. तो या स्वस्त पाकिटांकडे वळला. नव्वद बंद झाल्यास तोच १८० मिलीची बाटली घेईल, किंवा चोर्ला घाटातून चोरून येणाऱ्या गोव्याच्या दारूकडे जाईल, ही भीती मला खरी वाटते. म्हणून परवाना नसतानाही खेड्यांतील किराणा दुकानांत व पानपट्ट्यांवर होणारी विक्री अबकारी खात्याने आधी थांबवावी. तिथे तर शाळकरी मुलांनाही कोणी वय विचारत नाही.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)