साठेखतातलं नववं कलम

प्रिय मित्रा,

तुझं घर विकायच्या साठेखताचा, म्हणजे खरेदीखताआधीच्या कराराचा, मसुदा परवा मिळाला. रात्री निवांत वाचायला घेतला आणि नवव्या कलमापाशी अडलो. ‘खरेदीदार व्यवहारातून मागे हटल्यास त्याने तोवर दिलेली सर्व रक्कम जप्त होईल.’ माझ्या साठेखतातही जवळपास हेच शब्द होते. फोनवर तू म्हणालास, हे कलम आहे म्हणजे आपण निर्धास्त. मीही असाच निर्धास्त होतो. म्हणून सगळं लिहूनच काढतोय. आमच्या व्यवहाराचं तू तुकड्या-तुकड्यांनी ऐकलंयस, सलग मी कुणालाच सांगितलेलं नाही.

आईच्या गुडघ्यांचं तुला माहीत आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्या घरातल्या शेवटच्या वर्षात ती दवाखान्याशिवाय खाली उतरलीच नव्हती. म्हणून घर विकायला काढलं आणि तळमजल्यावरच्या एका घराला इसार, म्हणजे व्यवहार पक्का ठेवायची आगाऊ रक्कम, देऊन ठेवला. आमच्या घराला खरेदीदार मिळाला तो एक तरुण नवरा-बायको. पहिल्याच भेटीत मला आवडले. ती शिंप्याची टेप घेऊन आली होती. पुढच्या खोलीतल्या खिडकीचं माप घेतलं, जवळ कागद नव्हता म्हणून मला विचारून चौकटीशेजारी भिंतीवरच पेन्सिलीने आकडे लिहिले. घर विकलं गेलं असं मला त्या क्षणी वाटलं. साठेखत तर नंतर झालं.

नोंदणी कार्यालयात आम्ही अंगठे लावले, फोटो निघाले, सह्या झाल्या. तोवर त्याने किमतीच्या १५ टक्के रक्कम दिली होती. त्यात सुरुवातीचा इसार अगदी थोडा, बाकीचा मोठा हप्ता साठेखताच्या दिवशीचा. उरलेले पैसे बँकेच्या कर्जातून नव्वद दिवसांत यायचे होते. कर्जाचं मंजुरीपत्र त्याने दाखवलं आणि माझ्या लेखी पैसे आल्यातच जमा झाले. हप्त्यातला मोठा भाग मी उचलून तळमजल्याच्या घरमालकाला देऊनही टाकला.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मग त्याचे फोन यायचे थांबले. मी केला की वाजत राहायचा. तीन आठवडे हेच. निरोप पाठवले, ते वाचल्याच्या खुणा दिसायच्या, उत्तर नाही. त्या तीन आठवड्यांत मी काय काय मनात आणलं ते तुला सांगायचीही लाज वाटते. आई रोज विचारायची, सामान कधी बांधायचं? मी म्हणायचो, होईल. दलालाने सांगितलं की मधल्या काळात एक चांगलं गिऱ्हाईक आलं होतं, घर गेलं म्हणून त्याने त्यांना दुसरीकडे नेलं. त्या रात्री मात्र मला झोप आली नाही.

शेवटी मीच त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यानेच दार उघडलं. मला पाहिलं आणि तिथेच खाली बसला. नोकरी गेली होती, साठेखतानंतर बरोबर चाळीसाव्या दिवशी. बँकेने पैसे सोडण्याआधी पगाराची ताजी पावती मागितली, ती त्याच्याकडे नव्हती, कर्ज अडलं. मंजुरीपत्र म्हणजे पैसे नव्हेत, हे मला त्या दिवशी कळलं. मी विचारलं, “अरे, मग तेव्हाच का नाही सांगितलंस?” तो आत गेला आणि साठेखताची प्रत घेऊन आला. नवव्या कलमाखाली पेनाने इतक्या वेळा रेघ ओढली होती की कागद फाटायला आला होता. म्हणाला, “काका, सांगितलं असतं तर सगळेच पैसे गेले असते. दुसरी नोकरी लागते का बघत होतो.” त्या पैशांत त्याच्या वडिलांची निवृत्तीची रक्कम होती.

मित्रा, हे वाक्य मी कितीदा आठवलं असेल. ज्या कलमाच्या जिवावर मी निर्धास्त होतो, त्याच कलमाने त्याचं तोंड बंद केलं होतं. चाळिसाव्या दिवशी तो बोलला असता तर ते दुसरं गिऱ्हाईक माझ्या हातात होतं.

तरीही मी लगेच विरघळलो असं समजू नकोस. घरी येताना ठरवून आलो होतो की एक पैसा परत द्यायचा नाही. कागदावर सही आहे, नोंदणी आहे, चूक त्याची आहे. दुसऱ्या दिवशी वकीलबाईंकडे गेलो तो याच तोऱ्यात. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “यातला इसार किती आणि किमतीपोटी दिलेला हप्ता किती?” मला हा फरकच माहीत नव्हता.

त्यांनी समजावलं ते तुझ्या कामाचं आहे, नीट वाच. १८७२ चा आपला करार कायदा, त्याचं ७४ वं कलम. करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी तो आकडा ही वरची मर्यादा असते. तिच्या आत वाजवी भरपाई किती, ते न्यायालय ठरवतं. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे घरविक्रीचाच खटला होता, फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास. किंमत १,१२,५०० रुपये, विकणाऱ्याच्या हातात २५,००० आलेले, आणि करारात सगळे जप्त करायचं कलम. न्यायालयाने म्हटलं, यातले १,००० इसाराचे आहेत, ते ठेवा. उरलेले २४,००० किमतीपोटी आलेत, करारात लिहिलंय म्हणून ते आपोआप तुमचे होत नाहीत. २०१२ मध्ये दुसऱ्या एका निकालात खरेदीदार मागे फिरला म्हणून किमतीच्या १० टक्के रक्कम जप्त केली ती न्यायालयाने मान्य केली, कारण ती इसाराची आहे हे करारात स्वच्छ होतं. २०१५ मध्ये आणखी स्पष्ट झालं की नुकसानच झालं नसेल तर भरपाई कसली मागता? म्हणजे तुझं नववं कलम दिसतं तेवढं दणकट नाही. खरेदीदार घाबरतो तेवढ्यापुरतंच ते चालतं, कोर्टात उभं राहीलच याची खात्री नाही.

तू विचारलं होतंस, कोर्टात जाऊन त्याला घर घ्यायलाच का नाही लावलं? तसा दावा विकणाऱ्यालाही करता येतो, तीन वर्षांची मुदत असते, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर असे दावे पूर्वीपेक्षा बळकट झालेत. पण ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्याच्याविरुद्ध हुकूमनामा मिळवून मी काय करणार होतो? आणि दावा चालेल तितकी वर्षं ना हे घर सुटणार, ना आई खाली उतरणार.

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते वकीलबाईंच्या पुढच्या वाक्याने. म्हणाल्या, पैशांचं राहू द्या, तुमच्या घरावर त्याच्या साठेखताची नोंद आहे, ती कशी काढणार? खरंच, नुसत्या साठेखताने मालकी जात नाही, ती खरेदीखतानेच जाते. पण नवा खरेदीदार शोध घेईल तेव्हा ती नोंद समोर येणार, त्याची बँक तिथेच हात आखडता घेणार. आणि ती नोंद मी एकट्याने जाऊन मोडू शकत नाही. सरळ रस्ता एकच, दोघांनी पुन्हा त्याच कार्यालयात जायचं आणि रद्दलेख नोंदवायचा. नाहीतर कोर्ट. मी त्याचे पैसे दाबून बसलो असतो तर तो सहीला कशाला आला असता?

मधल्या काळात मला तळमजल्याच्या मालकांकडे जावं लागलं, कारण माझीही मुदत संपत आली होती. जिना चढावा लागत नव्हता, तरी पाय उचलत नव्हते. दारात उभा राहून काय बोलायचं ते ठरवत होतो आणि लक्षात आलं, आता करार करून पैसे न आणू शकलेला खरेदीदार मीच आहे. माझ्याही साठेखतात तेच कलम होतं. मी सगळं खरं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “आधीच सांगायला आलात, बरं केलंत. दोन महिने घ्या, तेवढ्या दिवसांचं व्याज द्या.” त्या गृहस्थांचे उपकार मी विसरणार नाही.

त्यानंतर माझा निर्णय व्हायला वेळ लागला नाही. इसाराची रक्कम मी ठेवली. त्यातून ते व्याज आणि वकिलांची फी भागली. बाकीचा हप्ता परत करायचा ठरवला. पैसे पुढे दिलेले असल्याने ठेव मोडावी लागली, बायको दोन दिवस बोलली नाही. तिचंही चुकलं नव्हतं. रद्दलेखाच्या दिवशी पुन्हा अंगठे, पुन्हा फोटो. नोंदणी होऊन कागद हातात आल्याबरोबर तिथल्याच बाकावर मी त्याला धनादेश दिला. त्याच्या वडिलांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मुलाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. त्याचं मुद्रांक शुल्क अडकलं होतंच, शिवाय इसार गेला. तोही बिचारा कमी पोळला नव्हता. पण सांगतो, त्याने मागे फिरणं मी मनापासून माफ केलं आहे. ते तीन आठवडे लपून बसणं अजून पुरतं माफ करता आलेलं नाही.

आता तुझा मसुदा. नववं कलम काढून टाक आणि त्याजागी हे घाल. इसार किती, तो इसार म्हणूनच वेगळा लिही, किमतीच्या हप्त्यात मिसळू नकोस. कर्जाचं नक्की कधीपर्यंत कळवायचं, त्याची तारीख घाल. त्या तारखेच्या आत त्याने लेखी कळवलं की कर्ज होत नाही, तर इसारातला ठरावीक भाग कापून बाकी सगळं परत, आणि परत करायच्या दिवशीच रद्दलेख. त्यानंतर मागे फिरला तर पूर्ण इसार तुझा आणि खरं नुकसान झालं असेल ते वेगळं. वहिनींना वाटेल की आपण समोरच्याला पळवाट देतोय. त्यांना माझं हे पत्र वाचायला दे. त्याला वेळेवर तोंड उघडता यावं एवढीच ही वाट आहे, आणि तिचा फायदा तुझाच. आणखी एक, त्याचा हप्ता आला की लगेच पुढे देऊ नकोस. कर्जाची तारीख जाईपर्यंत तुझ्या खात्यातच राहू दे.

हे सगळं तुमच्या वकिलांना दाखव, शब्द त्यांनाच बसवू दे. मी मसुद्यावर लाल पेनाने खुणा केल्या आहेत, उद्याच्या टपालाने पाठवतो. सही करायच्या आधी मला एकदा फोन कर, किती वाजले आहेत ते बघू नकोस.

आई आता रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसते. जुनं घर गेल्या महिन्यात दुसऱ्या एका कुटुंबाला गेलं. किल्ली द्यायच्या आदल्या दिवशी रिकाम्या घरात एकटाच जाऊन आलो. खिडकीशेजारी पेन्सिलीचे ते आकडे तसेच होते, चार फूट, आणि खाली साडेतीन. पुसायला हात गेला, पण नाही पुसले.

तुझा,
जुना मित्र